गूगल, मायक्रोसॉफ्ट की झोहो? त्याआधी डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. रबाळे एमआयडीसीत शीट मेटलचं युनिट, एकूण २६ माणसं, त्यातली ११ कॉम्प्युटरवर बसणारी. मेल वेबसाइटवाल्याने होस्टिंगसोबत, म्हणजे वेबसाइट ठेवायच्या भाड्याच्या जागेसोबत, दिलेला. मोठ्या गिऱ्हाइकाला पाठवलेली कोटेशनं त्यांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात. परचेसचा मुलगा दिवाळीनंतर सोडून गेला. तो स्वतःच्या फुकटच्या जीमेलवरून व्यवहार करायचा, त्यामुळे तीन वर्षांचे रेट आणि पत्रव्यवहार त्याच्याबरोबर गेले. कॉस्टिंग एका जुन्या, मॅक्रोवाल्या (आत छोटे प्रोग्रॅम लिहिलेल्या) एक्सेल शीटवर चालतं. बाकी सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. आणि यावर उपाय म्हणून तुम्ही विचारताय की गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि झोहो यांपैकी काय घेऊ, खर्च आटोक्यात राहील असं सांगा.

मी गेली १९ वर्षं ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही बाजूंना आणि वागळे इस्टेटमध्ये हीच कामं करते. तिन्ही ठिकाणचे मेल मी बसवून दिलेत आणि तिन्हींवर समाधानी असलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे आहेत. म्हणून आधीच सांगते, कुठलंही घेतलंत तरी मेल चालेल. पण तुमच्या तीन दुखण्यांपैकी एकही नुसतं सॉफ्टवेअर बदलून जाणार नाही. कारण तुमच्या कंपनीचा मेल आज कंपनीचा नाहीच. पत्ता वेबसाइटवाल्याच्या हातात आहे, जुना पत्रव्यवहार सोडून गेलेल्या मुलाच्या खात्यात आहे आणि ठरलेल्या गोष्टी कोणाच्या तरी मोबाइलमध्ये आहेत. हे तिन्ही कंपनीच्या ताब्यात आणायचं, हे खरं काम. त्यातलं सॉफ्टवेअर निवडणं हा सगळ्यात सोपा भाग आहे, आणि तो मी मुद्दाम मधे कुठेतरी घेणार आहे.

सुरुवात डोमेनपासून, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावापासून. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतर कितीतरी वर्षं वागळे इस्टेटमधल्या व्हिजिटिंग कार्डांवर व्हीएसएनएलचेच पत्ते दिसायचे. स्वतःचं डोमेन घ्यावं हे तेव्हा फारसं कोणाच्या डोक्यात नव्हतं. आज चौघं बाहेर जेवायला गेलो तर जेवढं बिल होतं, तेवढ्यात वर्षभराचं डोमेन येतं. पण ते घ्यायचं काम मालक वेबसाइट बनवणाऱ्यावर सोपवतात आणि तो ते स्वतःच्या खात्यात घेतो. यात त्याचा हेतू वाईट असतोच असं नाही. पन्नास गिऱ्हाइकांची डोमेन्स एका खात्यात ठेवली की त्याला रिन्यू करणं सोपं जातं. अडचण तो आजारी पडला, धंदा बदलला किंवा तुमचं-त्याचं बिलावरून वाजलं की कळते.

ऐरोलीतल्या एका कंपनीचं उदाहरण सांगते. सोमवारी सकाळी मालकांचा फोन आला, "मॅडम, शनिवारपासून एकही मेल नाही." शनिवारीच लक्षात कसं आलं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, आम्हाला वाटलं गिऱ्हाइकांना सुट्टी असेल. डोमेनची मुदत संपली होती. वेबसाइटच्या डिझायनरने रिन्युअलला लावलेलं कार्ड बदललेलं, आणि नोटीस ज्या मेलवर जायची तो पत्ता त्याच डोमेनवरचा होता. म्हणजे डोमेन बंद पडल्यावर आलेल्या आठवणी ज्या पेटीत पडायच्या, ती पेटीच बंद. सुदैवाने डॉट कॉमचं नाव मुदत संपली म्हणून त्याच दिवशी हातातून जात नाही. मधे काही मुदत मिळते, नंतर रिडेम्प्शनचे, म्हणजे नाव सोडवून घ्यायचे, ३० दिवस असतात, फक्त तेव्हा दंडासकट पैसे भरावे लागतात. आम्हाला ते नाव परत मिळालं. पण त्या दोन दिवसांत आलेल्या मेलपैकी किती पाठवणाऱ्याकडे परत गेले, हे आजही कोणाला माहीत नाही.

तेव्हा आज संध्याकाळी एवढं करा. हू-इजच्या (डोमेनची नोंद दाखवणाऱ्या सेवेच्या) कुठल्याही पानावर तुमच्या डोमेनचं नाव टाका. मालकाचं नाव आजकाल बहुतेक वेळा झाकलेलं असतं, पण रजिस्ट्रार (डोमेन जिच्याकडे नोंदवलंय ती कंपनी) कोण आणि मुदत कधी संपते, हे दिसतं. मग वेबसाइटवाल्याला शांतपणे फोन करून सांगा की डोमेन आमच्या स्वतःच्या खात्यात हलवायचं आहे. त्याच रजिस्ट्रारकडे दुसऱ्या खात्यात हलवणं सोपं असतं. रजिस्ट्रार बदलायचा झाला तर ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायचा पासवर्ड, लागतो, आणि डोमेन नवीन घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं असेल तर ६० दिवस थांबावं लागू शकतं. नवीन खात्याला संपर्काचा मेल त्याच डोमेनवरचा अजिबात देऊ नका. मालकाचा वैयक्तिक मेल द्या, आणि लॉगिन दुसऱ्या पार्टनरकडे किंवा घरच्या विश्वासू माणसाकडेही असू द्या. एकदम पाच वर्षांचं रिन्युअल करून टाका. हे होईपर्यंत सॉफ्टवेअरच्या डेमोला बसू नका.

पुढचं काम पत्त्यांचं. तुमच्या परचेसच्या मुलाचं जे झालं त्याचं मूळ इथे आहे. पत्ता कामाचा असायला हवा. परचेस@, सेल्स@, अकाउंट्स@, क्वालिटी@, डिस्पॅच@ असे पाच पत्ते करा. पुरवठादारांना आणि गिऱ्हाइकांना हेच कळवा, बिलावर आणि पीओवर हेच छापा. माणसाच्या नावाचा पत्ता वेगळा असू दे, पण बाहेरचा व्यवहार कामाच्या पत्त्यावरून.

इथे एक चूक जवळपास प्रत्येक जण करतो. परचेस@ चं एक खातं काढतो आणि त्याचा पासवर्ड तिघांना देतो. मग टू-स्टेपचा (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या तपासणीचा) कोड एकाच्याच मोबाइलवर येतो, तो जेवायला गेला की बाकीचे अडतात, म्हणून टू-स्टेप काढून टाकलं जातं. आणि उत्तर कोणी दिलं, मेल कोणी उडवला, काहीच कळत नाही. त्याऐवजी सामायिक मेलबॉक्स करा. मायक्रोसॉफ्टमध्ये शेअर्ड मेलबॉक्स ५० जीबीपर्यंत वेगळ्या लायसन्सशिवाय मिळतो. गूगलमध्ये ग्रुप काढून त्याचा सामायिक इनबॉक्स करता येतो किंवा एका खात्याचं डेलिगेशन, म्हणजे ते वापरायचा अधिकार, दुसऱ्यांना देता येतं. झोहोतही ग्रुप आहेत. प्रत्येक जण स्वतःच्या लॉगिनने आत येतो आणि तीच पेटी बघतो. माणूस गेला की त्याचं लॉगिन बंद, पेटी जागच्या जागी.

माणूस सोडून गेला की त्याच दिवशी खातं डिलीट करू नका, हेही सांगून ठेवते. पासवर्ड बदला, सगळ्या मोबाइलवरून साइन आउट करा, त्याला येणारे मेल तुमच्याकडच्या कोणाच्या तरी पत्त्यावर वळवा, आणि पेटी जपून ठेवल्यावरच लायसन्स काढा. डिलीट केलेलं खातं गूगलमध्ये २० दिवस परत आणता येतं, मायक्रोसॉफ्टमध्ये ३०. एकविसाव्या दिवशी मला फोन आला तर मीही काही करू शकत नाही.

आता जो गेला त्याचं काय? ते जीमेल त्याचं आहे, कंपनीचा त्यावर हात पोचणार नाही, आणि पासवर्ड अंदाजाने टाकून बघायचा विचारही मनात आणू नका. त्याला फोन करा, चहाला बोलवा. कामाचे मेल वेगळं लेबल लावून तेवढेच डाउनलोड करून दे, अशी विनंती करा. गूगल टेकआउटमध्ये एका लेबलपुरते मेल काढता येतात, तासाभराचं काम आहे. त्याचा शेवटचा हिशोब राहिला असेल तर तो आधी चुकता करा. हिशोब अडवून मेल मागितलेत तर मेल मिळणार नाहीत आणि पुढचा माणूसही तेच शिकेल. शिवाय तुमच्या मोठ्या आठ-दहा पुरवठादारांना लिहा की आमच्याशी झालेला पत्रव्यवहार नव्या पत्त्यावर फॉरवर्ड करा. माझा अनुभव असा की पुरवठादार हे आनंदाने करतात, त्यांनाही पुढची ऑर्डर हवी असते.

आता स्पॅम. यावर जरा वेळ घेते, कारण 'तुमचा मेल स्पॅममध्ये गेला' म्हणून हातची ऑर्डर गेलेली माणसं मी बघितली आहेत. तुम्ही नवी मुंबईत आहात, तेव्हा न्हावा शेवाला जाणाऱ्या कंटेनरवरून समजावते.

तुमच्या कारखान्याच्या नावाने माल घेऊन कुठल्या गाड्या निघू शकतात, याची यादी तुम्ही बंदराच्या गेटवर देऊन ठेवली आहे असं समजा. ती यादी म्हणजे एसपीएफ. कंटेनरला तुम्ही नंबरवालं सील लावलंत, ते वाटेत तुटलं नाही म्हणजे आतला माल तुमचाच. ते सील म्हणजे डीकिम. आणि यादी व सील जुळलं नाही तर गाडीचं काय करायचं, सोडायची, बाजूला उभी करायची की परत पाठवायची, आणि तुम्हाला कळवायचं कुठे, ही गेटवाल्याला दिलेली लेखी सूचना म्हणजे डीमार्क. तिन्ही गोष्टी तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या जाहीर नोंदवहीत, लिहायच्या असतात. म्हणूनच डोमेन ताब्यात हवं असं म्हणाले.

तुमच्या होस्टिंगवर बहुतेक यादी अर्धवट असेल आणि सील नसेलच. पूर्वी हे चालून जायचं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला तिन्ही लागतात, आणि तुमच्यासारख्या छोट्यालाही एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक तरी असावंच लागतं. मे २०२५ पासून आउटलुक डॉट कॉमनेही मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना तेच लावलं. मी कितीही छोटी कंपनी असली तरी तिन्ही बसवते. दुसरं कारण स्वस्त होस्टिंगचं. तिथे एका सर्व्हरच्या एकाच आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) शेकडो कंपन्यांचे मेल निघतात. त्यातल्या एकाचं खातं हॅक होऊन रद्दी मेल सुटले की तो आयपी काळ्या यादीत जातो आणि तुम्ही काहीही न करता सुक्याबरोबर ओलंही जळतं.

करताना तीन गोष्टी जपा. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच असते. नवीन सेवा घेतली की लोक दुसरी ओळ टाकतात आणि दोन्ही निकामी होतात. त्या एका ओळीत 'पुढची यादी अमुक ठिकाणी बघा' असे उल्लेख जास्तीत जास्त १० चालतात. दुसरं, तुमच्या नावाने कोण कोण मेल पाठवतं त्याची आधी कागदावर यादी करा. लोक माणसांची यादी करतात आणि मशीन विसरतात. टॅलीतून जाणारी बिलं, पगाराच्या स्लिपा पाठवणारी सेवा, स्कॅन करून मेल करणारं झेरॉक्स मशीन, आणि वेबसाइटवरचा एन्क्वायरी फॉर्म. हा फॉर्म सगळ्यात दगा देतो. बऱ्याच फॉर्ममध्ये 'पाठवणारा' म्हणून गिऱ्हाइकाचाच पत्ता टाकलेला असतो. म्हणजे तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाची गाडी घेऊन गेटवर जातो, आणि ती अडवली जाते. फॉर्मचा मेल तुमच्याच पत्त्यावरून निघायला हवा, गिऱ्हाइकाचा पत्ता फक्त 'रिप्लाय टू' मध्ये. तिसरं, डीमार्क पहिल्या दिवशी कडक करू नका. आधी 'नन' ठेवा, म्हणजे नुसते अहवाल येतील. तीन-चार आठवडे ते बघा, कोण राहिलंय ते कळेल, मग 'क्वारंटाइन' आणि शेवटी 'रिजेक्ट'.

हे सगळं करूनही एखाद्या गिऱ्हाइकाकडे मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो. त्यांचा फिल्टर वेगळा असेल, तुमच्या डोमेनची पत आधीच घसरलेली असेल. तेव्हा त्यांच्या आयटीवाल्याला एक फोन करून सुरक्षित यादीत घ्यायला सांगावं लागतं. आणि दिवाळीच्या शुभेच्छा तीन हजार पत्त्यांना याच मेलवरून पाठवू नका. गूगल वर्कस्पेसच्या खात्याला दिवसाला २,००० ची मर्यादा आहेच, पण त्यापेक्षा तुमच्या नावाची पत जाते हे वाईट.

आता तुमचा मूळ प्रश्न. काय घ्यायचं, हे तुमच्या त्या मॅक्रोवाल्या शीटवर आणि कॉस्टिंग-अकाउंट्सच्या चार मशीनवर कुठलं एक्सेल आहे, यावर अवलंबून आहे. ते मी इथे बसून सांगू शकत नाही, म्हणून दोन्ही बाजू सांगते.

मॅक्रो चालवायला कॉम्प्युटरवर बसवलेलं एक्सेल लागतं. ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये ते मॅक्रो चालत नाहीत, गूगल शीट्समध्ये ते नव्याने लिहावे लागतात, झोहो शीटमध्ये काही चालतात, सगळे नाहीत. कॉस्टिंगवाल्यांकडे लायसन्सचं एक्सेल नसेल, तर मायक्रोसॉफ्ट घ्या. सगळ्या ११ जणांना एकच प्लॅन घ्यायची गरज नाही. बिझनेस बेसिकमध्ये एक्सेल-वर्ड फक्त ब्राउझर आणि मोबाइलवर मिळतं, कॉम्प्युटरवर बसवायचं तर बिझनेस स्टँडर्ड लागतं. विकणारा हा फरक घाईत सांगतो, घेणाऱ्याला बिल भरल्यावर कळतो. कॉस्टिंग आणि अकाउंट्सच्या चौघांना स्टँडर्ड, बाकी सात जणांना बेसिक, एवढं पुरेल. परचेस@ वगैरे पाचही पत्ते शेअर्ड मेलबॉक्समध्ये, त्यांचा वेगळा खर्च नाही.

लायसन्सचं एक्सेल आधीच विकत घेतलेलं असेल, तर मेलसाठी तेच पैसे परत घालू नका. अशा वेळी तुमच्या आकाराच्या युनिटला मी झोहो सुचवते. चेन्नईची कंपनी, १९९६ पासून धंद्यात, दर परवडणारे आणि माणसागणिक वेगवेगळे प्लॅन घेता येतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी झोहो मेलवर गेल्याचं जाहीर केल्यापासून माझ्याकडे त्याची चौकशी खूप वाढली आहे. पण कोणी नेता गेला म्हणून जाऊ नका, तुमच्या कामाला बसतं म्हणून जा. गूगल मी तिथे सुचवते जिथे सेल्सची माणसं दिवसभर बाहेर फिरतात, सगळं मोबाइलवर चालतं आणि एकच शीट चौघं एकाच वेळी भरतात. जीमेल लोकांच्या हातात बसलेला असल्यामुळे शिकवावं लागत नाही, हा मोठा फायदा. त्यात मेल आणि ड्राइव्हची जागा एकत्र मोजली जाते, स्टार्टर प्लॅनला माणशी ३० जीबी. तुमची ड्रॉइंग्ज मोठी असतील तर तेवढ्यात भागणार नाही.

शॉपफ्लोअरवरच्या १५ जणांना मेल घेऊ नका. डिस्पॅचच्या टेबलावर एका माणसाकडे असला की झालं.

मेल हलवण्याबद्दल. दिवस निवडताना जीएसटी रिटर्नच्या ११ आणि २० तारखा टाळा, मार्च तर पूर्ण टाळा. शनिवारी संध्याकाळ चांगली. दोन दिवस आधी एमएक्स नोंदीचा (येणारे मेल कुठे पोचवायचे ते सांगणाऱ्या डीएनएसमधल्या ओळीचा) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद लक्षात ठेवायची मुदत, ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे बदल लवकर पसरतो. फक्त एमएक्स बदला. नेमसर्व्हर, म्हणजे ही सगळी नोंदवही ठेवणारा सर्व्हर, बदलू नका, नाहीतर मेल येईल आणि वेबसाइट जाईल. जुन्या होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये (सेटिंगच्या पानावर) ईमेल राउटिंग 'लोकल' असतं, ते 'रिमोट' करून घ्या. ते राहिलं तर जगभरचे मेल नव्या जागी येतात आणि तुमच्या वेबसाइटची एन्क्वायरी मात्र जुन्याच पेटीत पडत राहते. मी एका ठिकाणी अशा सात आठवड्यांच्या एन्क्वायऱ्या साचलेल्या बघितल्यात. जुनं होस्टिंग महिनाभर तरी चालू ठेवा.

आणि हलवण्याआधी प्रत्येक मशीनवर जाऊन आउटलुक उघडा, खातं पॉप आहे (मेल मशीनवर उतरवून घेणारं) की आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणारं) ते बघा. वागळे इस्टेटला रोड नंबर १६ वर एका कंपनीत मला सांगितलं गेलं, "मेल सर्व्हरवर आहेत, घ्या तिथून." सर्व्हरवर शेवटचे १४ दिवस होते. पॉपमध्ये आउटलुकची मूळ सेटिंग तेवढ्या दिवसांनी सर्व्हरवरची प्रत काढून टाकते. बाकी नऊ वर्षांचे मेल अकाउंट्सच्या एका मशीनवर एका पीएसटी फाइलमध्ये (आउटलुक मेल साठवतं त्या फाइलमध्ये) होते. फाइल ४८ जीबीची. आउटलुक अशी फाइल ५० जीबीपर्यंतच वाढू देतं, आणि आधीच ते उघडायला दहा मिनिटं लागायची. मशीनजवळ कान नेला तर हार्ड डिस्क मधूनमधून टक्-टक् करत होती. शुक्रवारी रात्री बाकी सगळं बाजूला ठेवून ती फाइल बाहेरच्या डिस्कवर घेतली. मंगळवारी मशीन सुरूच झालं नाही. तुमच्याकडे अशी फाइल असेल तर बाकी कशालाही हात लावण्याआधी तिची प्रत घ्या.

स्कॅनर पण तपासा. जुनी मशीन साध्या पासवर्डने मेल पाठवतात, गूगलने २०२५ मध्ये ते बंद केलं आणि मायक्रोसॉफ्टही तिकडेच चाललंय. ॲप पासवर्ड, म्हणजे फक्त त्या मशीनसाठीचा वेगळा पासवर्ड, काढून बघा, नाहीतर स्कॅन थेट फोल्डरमध्ये जाऊ द्या.

इथपर्यंतचा क्रम एकदा सांगते, म्हणजे गोंधळ नको: डोमेन ताब्यात, पत्त्यांची यादी, मशीनवरच्या जुन्या फाइलींची प्रत, मग सॉफ्टवेअर, मग एमएक्स, आणि त्यानंतर महिनाभर डीमार्कचे अहवाल.

राहिलं व्हॉट्सॲप. ते बंद करा असं मी कधीच सांगत नाही, कोणी ऐकतही नाही. एकच नियम घाला. बोलणं व्हॉट्सॲपवर, ठरलेलं मेलवर. रेट, ड्रॉइंगचं रिव्हिजन, डिलिव्हरीची तारीख आणि रिजेक्शन, या चार गोष्टी ग्रुपवर ठरल्या की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल जायला हवा: "आज बोलल्याप्रमाणे रेव्ह-३ नुसार ४०० नग, १८ तारखेपर्यंत."

याला पैशाचं कारण आहे. तुमचं युनिट सरकारच्या उद्यम नोंदणीत सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेलं असेल, तर छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी गिऱ्हाइकाने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, आणि माल पोचल्यापासून १५ दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नाही तर पोचल्याचा दिवसच स्वीकारल्याचा धरतात. उद्या वाद झाला आणि त्यांनी सांगितलं की आम्ही रिजेक्शन कळवलं होतं, तर कधी आणि कुठे, हे तारखेसकट दाखवायला डिस्पॅच@ ची पेटी लागते. सुपरवायझरने बदललेल्या मोबाइलमधला ग्रुप तिथे उपयोगी पडत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि कंपनीच्या ताब्यातल्या मेलबॉक्सचं ते देणं कितीतरी सोपं जातं.

ड्रॉइंग मेलला जोडू नका, सामायिक फोल्डरची लिंक द्या. मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे समोरची मर्यादा २० एमबी असेल तर १५ एमबीचं ड्रॉइंगही परत येऊ शकतं. शिवाय लिंकवर नेहमी एकच, ताजं रिव्हिजन असतं. जुन्या रिव्हिजनवर पत्रा कापला गेला की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

शेवटची गोष्ट टू-स्टेप. पहिल्या दिवसापासून, सगळ्यांना, मालकांनाही. तुर्भ्यातल्या एका आयातदाराकडे अकाउंट्सच्या ताईंना परदेशी पुरवठादाराचा मेल आला, बँक बदलली आहे, साडेअकरा लाखांचं पेमेंट नव्या खात्यात करा. खाली जुना सगळा पत्रव्यवहार, सही तीच, बिलाचा नंबर बरोबर. ताईंनी पत्ता मोठा करून बघितला. नावातल्या इंग्रजी 'एम' च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटवून लिहिले होते. त्यांनी मेलमधल्या नंबरवर फोन न करता जुन्या बिलावरच्या नंबरवर केला, आणि पैसे वाचले. नंतर मी तपासलं तेव्हा त्यांच्याच एका खात्यात चोरून टाकलेला फॉरवर्डिंगचा नियम सापडला, महिनाभर प्रत्येक मेलची प्रत बाहेर जात होती. त्या खात्याला टू-स्टेप नव्हतं. तेव्हा बँक बदलल्याचा मेल आला की जुन्या नंबरवर फोन, हे तुमच्या अकाउंट्सच्या टेबलावर लिहून चिकटवा, आणि पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) आणि बँक.

तुम्ही खर्च विचारला होता. लायसन्सच्या किमती बदलत राहतात, त्या कंपन्यांच्या पानावर बघा आणि त्यावर जीएसटी धरा. बसवायचं काम ११ जणांसाठी जाणकार माणसाचं तीन-चार दिवसांचं आहे, त्यातला निम्मा वेळ जुने मेल आणण्यात जातो. ज्याला काम द्याल त्याला ॲडमिनचा तुमचा स्वतःचा पासवर्ड देऊ नका, त्याला वेगळं ॲडमिन खातं काढून द्या आणि काम संपलं की बंद करा. मला देतात तेव्हाही मी हेच सांगते.

आधी डोमेनची मुदत कधी संपतेय आणि रजिस्ट्रार कोण आहे, तेवढं बघून लिहा. तारीख महिन्याभराच्या आतली निघाली तर बाकी सगळं थांबवून ते आधी करायला लागेल, आणि त्यात वेबसाइटवाल्याशी काय बोलायचं ते मी सांगते.